प्रश्नाचा आकार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जाऊ म्हणजे कोण? नवऱ्याच्या भावाची बायको. हे उत्तर द्यायला आपल्याला विचार करावा लागत नाही; पण मनाने तेवढ्यात तीन पावलं टाकलेली असतात. बाईपासून तिच्या नवऱ्याकडे, नवऱ्याकडून त्याच्या भावाकडे आणि भावाकडून त्याच्या बायकोकडे. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. तीही तीनच पावलं, फक्त वाट निराळी. आत्या दोन पावलांवर, आतेभाऊ तीन पावलांवर. इंग्रजी बोलणारा माणूस जाऊ, नणंद, मेहुणी आणि वहिनी या चौघींना एकाच नावाने हाक मारतो. आपल्याकडे प्रत्येकीच्या नावातच तिच्यापर्यंत पोचायची वाट लिहून ठेवलेली आहे. विहीणबाई कोण हे सांगताना शहरातली मुलं हल्ली थोडी अडखळतात, पण तो वेगळा विषय.

आज बोलायचं आहे ते या वाटांबद्दल. संगणकाला अशी वाट सांगून ‘या वाटेने जाऊन कोण भेटतं ते सांग’ असं विचारलं, तर तो काय करतो? आणि माणसं त्याला असे जे कोट्यवधी प्रश्न विचारतात, त्या प्रश्नांना काही आकार असतो का? असतो, आणि उत्तर चुटकीसरशी मिळणार की संगणक तासन्‌तास घुटमळत राहणार, हे बऱ्याच वेळा त्या आकारावर ठरतं. प्रश्न किती लांबलचक आहे यावर तितकंसं ठरत नाही.

आधी माहिती कशी साठवतात ते पाहू. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएमच्या संशोधनकेंद्रात मांडलेली पद्धत अजूनही सर्वत्र आहे. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. शाळेचं हजेरीपत्रक, बँकेची खातेवही, रेल्वेचं आरक्षण हे सगळं ओळी आणि रकाने यांत बसतं. ही पद्धत उत्तम आहे, फक्त नात्यांचे प्रश्न आले की ती थोडी धापा टाकते. जाऊ शोधायची तर नवरा-बायकोचा तक्ता भावांच्या तक्त्याशी जोडा, तो पुन्हा नवरा-बायकोच्या तक्त्याशी जोडा. दर पावलाला एक जोडणी.

ग्राफ डेटाबेस नावाचा जो प्रकार गेल्या पंचवीसेक वर्षांत पुढे आला, त्यात नाती हीच मुख्य गोष्ट मानतात. इथे ग्राफ म्हणजे शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो आलेख नव्हे. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. ठिपका म्हणजे व्यक्ती, गाव, कंपनी, पुस्तक, काहीही. दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ म्हणजे त्यांचं नातं, आणि त्या रेघेवर नात्याचं नाव लिहिलेलं: ‘पती’, ‘भाऊ’, ‘जन्मगाव’, ‘मालक’. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं ते अशाच ठिपक्या-रेघांच्या विचाराने. रांगोळी जुनी आहे, ती संगणकात भरायची सोय तेवढी नवी.

या रांगोळीला प्रश्न विचारायच्या भाषाही तयार झाल्या. ‘स्पार्कल’ नावाची भाषा २००८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. ‘सायफर’ ही निओफोरजे या डेटाबेसची भाषा २०११ सालची. आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘जीक्यूएल’ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणच प्रसिद्ध झालं. या भाषा लिहायला कशा असतात हे रेडिओवर दाखवता येत नाही, पण सायफरची एक गंमत तोंडी सांगण्यासारखी आहे. तिच्यात ठिपका कंसात लिहितात आणि नात्यासाठी टंकावरची आडवी रेघ आणि बाणाचं टोक वापरतात. म्हणजे प्रश्न लिहिता लिहिता त्याचं चित्र आपोआप उमटतं: कंस, बाण, कंस, बाण, कंस.

विषयाची किल्ली इथेच आहे. प्रश्न हीसुद्धा एक छोटी रांगोळीच असते, फक्त तिच्यातले काही ठिपके रिकामे असतात. ही छोटी रांगोळी त्या प्रचंड रांगोळीवर कुठे कुठे नेमकी बसते ते शोधायचं आणि रिकाम्या ठिपक्यांच्या जागी कोण आलं ते सांगायचं, एवढंच उत्तर देणाऱ्या यंत्राचं काम. प्रश्नाची रचना तपासायची म्हणजे या छोट्या रांगोळीकडे पाहायचं.

या रांगोळ्यांचे थोडेच प्रकार वारंवार भेटतात. जावेचा प्रश्न ही सरळ साखळी. ‘पुण्यात जन्मलेल्या, मराठीत लिहिणाऱ्या आणि पद्मभूषण मिळालेल्या लेखिका कोण?’ या प्रश्नात मध्ये एकच रिकामा ठिपका असतो आणि त्यातून चहूकडे रेघा निघतात, एक पुण्याकडे, एक मराठीकडे, एक पुरस्काराकडे. ही झाली चांदणी. चांदणीच्या टोकांना पुन्हा फांद्या फुटल्या की झाड. आणि रेघा फिरून पहिल्या ठिपक्याला येऊन मिळाल्या की कडं. साखळी, चांदणी आणि झाड एका बाजूला, कडं दुसऱ्या बाजूला, अशी ही मोठी विभागणी आहे. दोहोंमध्ये एवढा फरक का, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, विचारलं की ‘ज्यांची जाऊ शिक्षिका आहे आणि दीर डॉक्टर आहे अशा बायका सांगा.’ ही साखळी आहे. तिच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करायची. आधी सगळ्या शिक्षिकांची यादी. मग त्यांच्या नवऱ्यांपैकी डॉक्टर तेवढे ठेवायचे, बाकीचे खोडायचे. मग या डॉक्टरांचे भाऊ. मग त्या भावांच्या बायका. झालं उत्तर. यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक टप्प्यावर हातात फक्त एक यादी असते. हा भाऊ कोणत्या शिक्षिकेवरून आला, हे लक्षात ठेवायची गरजच पडत नाही. भाजी निवडताना जसं टोकापासून खुडत येतो तसं टोकापासून खुडत आलं की काम होतं. झाडालाही हीच युक्ती चालते, कारण झाडाला नेहमी टोकं असतात. मिहालिस यानाकाकिस यांनी १९८१ साली ही पद्धत नीट मांडली आणि दाखवलं की झाडाच्या आकाराच्या प्रश्नाला लागणारा वेळ हा साधारणपणे मूळ माहितीचा आकार आणि उत्तराचा आकार यांच्या बेरजेच्या प्रमाणात राहतो. मधल्यामध्ये फुकटचं श्रम होत नाही.

आता कड्याचा प्रश्न घेऊ. ‘ज्यांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं आहे असे पुरुष कोण?’ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अशा विवाहांचा सविस्तर विचार केला आहे. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करणं ही मान्य चाल, तर उत्तर हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी ती निषिद्ध. आपल्या दृष्टीने पाहिलं तर हा प्रश्न असा होतो: पुरुषापासून त्याच्या आईकडे, आईकडून तिच्या भावाकडे, भावाकडून त्याच्या मुलीकडे, आणि त्या मुलीकडून लग्नाच्या रेघेने पुन्हा त्याच पुरुषाकडे. चार रेघा आणि कडं पूर्ण.

इथे खुडायला टोकच नाही. कुठूनही सुरुवात केली तरी आपण कुणापासून निघालो हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं, कारण परत त्याच्याचकडे पोचायचं आहे. म्हणजे हातात आता नुसती यादी नसते, जोड्यांची यादी असते: हा पुरुष आणि ही मामेबहीण, हा पुरुष आणि ती मामेबहीण. एका वेळी किती ठिपके लक्षात ठेवावे लागतात, यावरून प्रश्न झाडापासून किती दूर गेला आहे हे मोजायचं एक मापही गणितज्ञांनी केलं आहे. त्याला आपण ‘झाडरुंदी’ म्हणू. झाडाची झाडरुंदी एक, कड्याची दोन. कड्यात कडी गुंतत गेली की आकडा वाढत जातो आणि त्याबरोबर संगणकाचं कामही.

अशोक चंद्रा हे आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेलेले संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि फिलिप मर्लिन यांनी १९७७ सालीच दाखवून दिलं होतं, की प्रश्नाच्या आकारावर काही बंधन नसेल तर अशा प्रश्नांचं काम फार अवघड वर्गात मोडतं. म्हणजे प्रश्न मोठा होत गेला तरी वेळ आटोक्यात राहील, अशी सगळ्या प्रश्नांना लागू पडणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही.

तर मग व्यवहारात लोक कसले प्रश्न विचारतात? हे पाहायचं तर प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न गोळा करायला हवेत. लियों इथल्या अँजेला बोनिफाती आणि बायरॉइथ विद्यापीठातले विम मार्टेन्स व थॉमस टिम यांनी ते केलं. विकिपीडियातून माहिती वेचून बनवलेला डीबीपीडिया, ब्रिटिश म्युझियमची सूची, नकाशांचे आणि जीवशास्त्राचे साठे अशा अनेक ठिकाणांच्या नोंदवह्यांतून त्यांनी सुमारे १८ कोटी प्रश्न मिळवले. तेच ते पुन्हा आलेले वगळल्यावर सुमारे ५ कोटी ६० लाख उरले. २०१७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष काहीसा अनपेक्षित होता. बहुसंख्य प्रश्नांत एकच रेघ. उरलेल्यांत साखळ्या, चांदण्या आणि झाडं यांचीच गर्दी. कडी मोजकी. झाडरुंदी जवळजवळ कधीच दोनच्या वर जात नाही. काही प्रश्नांचे आकार असे निघाले की मध्ये एक ठिपका, त्याला एक-दोन लहान कडी पाकळ्यांसारखी चिकटलेली आणि खाली देठासारख्या साखळ्या लोंबताहेत. संशोधकांनी या आकाराला सरळ ‘फूल’ असंच नाव दिलं. गणिती निबंधात फुलं आणि पाकळ्या क्वचितच भेटतात.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट त्यांनी शोधली, आणि मला ती आकारांच्या मोजदादीपेक्षाही मोलाची वाटते. नोंदवहीत लागोपाठ येणारे काही प्रश्न एकमेकांची भावंडं असतात. माणूस एक प्रश्न विचारतो, उत्तर पटत नाही, थोडा बदलून पुन्हा विचारतो, एक अट काढतो, दुसरी घालतो. अशा मालिका बऱ्याच लांबपर्यंत चाललेल्या दिसल्या. पुढे या मालिका आपल्या कामी येतील.

नोंदवहीतले सगळे प्रश्न माणसांचे असतात असंही नाही. विकिडेटा हा विकिपीडियाच्या कुटुंबातला माहितीसाठा २०१२ साली सुरू झाला. आज त्यात दहा कोटींहून जास्त गोष्टींच्या नोंदी आहेत आणि कुणीही त्याला स्पार्कलमध्ये प्रश्न विचारू शकतो. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१८ साली त्याच्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा प्रश्नांचे दोन ढीग केले: एक यंत्रमानवी, म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमने आपोआप पाठवलेले, आणि दुसरा जिवंत, म्हणजे समोर बसलेल्या माणसाच्या कुतूहलातून आलेले. पहिला ढीग डोंगराएवढा आणि दुसरा त्यापुढे मूठभर. एकच प्रोग्रॅम एकच साचा घेऊन नुसतं नाव बदलत लाखो वेळा विचारत बसतो. तेव्हा ‘बहुसंख्य प्रश्न सोपे असतात’ या वाक्याचा बराचसा अर्थ ‘यंत्रं सोपे प्रश्न विचारतात’ असा आहे. आमच्याकडे मतदानात एकाने दोनदा मत दिलं तर गुन्हा होतो. इथे लाख वेळा दिलं तरी मोजतात.

विकिडेटाच्या प्रश्नांमध्ये आणखी एक वळण दिसतं. काही वाटांची लांबी आधी सांगताच येत नाही. आजोबा दोन पावलांवर, पणजोबा तीन, खापरपणजोबा चार. पण ‘पूर्वज’ किती पावलांवर? कितीही. भाषेने इथे मोजणं सोडून एकच शब्द दिला. स्पार्कलमध्ये अशा वाटेसाठी एक फुली टाकतात: ही रेघ हवी तितक्या वेळा. विकिडेटात ‘वाघ हा कशाचा प्रकार, तो कशाचा, तो कशाचा’ असं वर वर चढत जायला ही फुली सतत लागते.

ही फुली दिसते साधी, पण तिने एकदा चांगलाच घोळ घातला. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरातलं मूल घ्या. वडिलांच्या आईचे वडील हे त्याचे पणजोबा. आणि आईच्या वडिलांचे वडील हेही त्याचे पणजोबा. दोन्ही वाटांनी गेलं तरी माणूस तोच. मग पूर्वजांच्या यादीत त्याचं नाव एकदा घालायचं की दोनदा? वारसाहक्काचा कागद करणारा म्हणेल एकदा. आनुवंशिक आजाराचा अभ्यास करणारा डॉक्टर म्हणेल, दोनदा आल्याचीच तर मला माहिती हवी. स्पार्कलच्या सुधारित आवृत्तीच्या मसुद्यात वाटा मोजायच्या असं ठरलं होतं. पण चिलीतले मार्सेलो अरेनास आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली दाखवून दिलं, की अगदी थोडे ठिपके असले आणि प्रत्येक ठिपका प्रत्येकाशी जोडलेला असला, तर या नियमाने वाटांची संख्या एवढी फुगते की उत्तर लिहून ठेवायला जगातली साठवणूक पुरणार नाही. मार्टेन्स आणि त्यांची सहकारी काट्या लोझेमान यांनीही त्याच सुमारास तसाच इशारा दिला. मसुदा बदलला. मार्च २०१३ मध्ये मान्य झालेल्या आवृत्तीत फुलीची वाट ‘आहे की नाही’ एवढंच सांगते. किती वाटा ते मोजत नाही. वारसाच्या कागदाचं काम झालं, डॉक्टरांना दुसरी सोय पाहावी लागते.

इथवर ऐकून एखादा अभियंता म्हणेल, की प्रश्न सोपे आहेत हे बरंच झालं; झाडांसाठी यंत्र उत्तम करू, कड्यांचं पुढे पाहू. बाजारातली बरीच यंत्रं याच विचाराने बनलेली आहेत. मला हा विचार पटत नाही. कारण कड्याचे प्रश्न संख्येने थोडे असले तरी त्यांच्यामागे काय असतं ते पाहा.

आपल्या देशात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्यात व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा मिळतो. याचा गैरफायदा घ्यायचा एक प्रकार म्हणजे चक्राकार व्यापार. अने बला माल विकल्याचं बिल केलं, बने कला, आणि कने पुन्हा अला. माल गोदामातून हललाच नाही, कधी कधी गोदामच नसतं, फक्त बिलं गोल फिरतात. प्रत्येकाची खरेदी आणि विक्री जुळते, म्हणून सुटं सुटं पाहिलं तर कुणाचंच खातं वावगं दिसत नाही. दरम्यान उलाढाल फुगलेली दिसते, ती दाखवून बँकेकडून कर्ज काढता येतं, आणि मधेच घुसवलेलं खोटं बिल या गोलात लपून जातं. आयआयटी हैदराबादच्या संशोधकांनी तेलंगणाच्या कर विभागाच्या माहितीवर नेमकी अशी कडी शोधायच्या पद्धतींवर काम केलं आहे. हा प्रश्न साखळीने विचारताच येत नाही. इथे कडं हाच पुरावा असतो.

तो शोधायला अवघड का, ते आकड्यांत पाहू. समजा १ लाख बिलं आहेत. त्यांत एक मोठा घाऊक व्यापारी आहे, ५० हजार जण त्याला माल विकतात आणि तो दुसऱ्या ५० हजारांना विकतो. तिघांचं कडं शोधायचं आहे. जुन्या पद्धतीने यंत्र आधी दोन बिलं एकमेकांना जोडतं: कुणी घाऊकवाल्याला विकलं आणि घाऊकवाल्याने कुणाला विकलं. पन्नास हजार गुणिले पन्नास हजार, म्हणजे २५० कोटी जोड्या. त्यांतली प्रत्येक घेऊन तिसरं बिल आहे का ते पाहायचं. आणि इथे तर सगळी बिलं घाऊकवाल्याचीच, तेव्हा कडं एकही नाही. २५० कोटी जोड्या जमवून उत्तर शून्य.

अत्सेरियास, ग्रोहे आणि मार्क्स या तिघांनी २००८ साली सिद्ध केलं, की १ लाख बिलांतून तिघांची कडी जास्तीत जास्त किती निघू शकतात याला मर्यादा आहे: लाखाचा दीड घात, म्हणजे सुमारे ३ कोटी १६ लाख. त्याहून अधिक शक्यच नाही. मग २५० कोटींचं श्रम कशासाठी? हंग न्गो, एली पोराट, ख्रिस्तोफर रे आणि अत्री रुद्रा यांनी २०१२ साली या मर्यादेच्या आतच काम संपवणारी पद्धत दिली. टॉड वेल्डहुइझेन यांनी त्याच सुमारास आणखी एक सुटसुटीत पद्धत काढली आणि तिला मुलांच्या बेडूकउड्यांच्या खेळाचं नाव दिलं.

कल्पना घरगुती आहे. बिलांच्या जोड्या जमवायच्याच नाहीत. एका वेळी एक व्यापारी घ्यायचा आणि त्याला लागू होणाऱ्या सगळ्या अटी एकदम लावायच्या. अ आणि ब ठरले, की बने ज्यांना विकलं त्यांची यादी आणि ज्यांनी अला विकलं त्यांची यादी, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. दोन्ही नावांच्या क्रमाने लावलेल्या. एका यादीत पहिलं नाव ‘गणेश ट्रेडर्स’ असेल तर दुसऱ्या यादीत थेट ‘ग’पाशी उडी मारायची, तिथे पुढचं नाव ‘नवरंग’ असेल तर पहिल्या यादीत ‘न’वर उडी. मधली सगळी नावं न वाचताच सुटली. आमच्या घाऊकवाल्याच्या बाबतीत तर समोरची यादी रिकामीच निघते आणि काम तिथेच आटोपतं. गेल्या दहाबारा वर्षांत काही नव्या डेटाबेसमध्ये ही पद्धत आली आहे. सगळीकडे मात्र अजून नाही.

पनामा कागदपत्रांची गोष्ट अनेकांना आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने १ कोटी १५ लाख दस्तऐवजांवर आधारलेल्या बातम्या जगभर एकाच वेळी दिल्या. भारतात हे काम ‘इंडियन एक्स्प्रेस’ने केलं. दोन लाखांहून अधिक कंपन्या, त्यांचे मालक, मध्यस्थ आणि पत्ते यांची नाती पाहायला त्यांनी ग्राफ डेटाबेसच वापरला होता. तिथेही तोच घाऊकवाला भेटतो, निराळ्या वेषात: एकच पत्ता, आणि त्यावर नोंदलेल्या हजारो कंपन्या. अशा ठिपक्यावरून दोन पावलं टाकली की कुणीही कुणाशीही जोडलेला दिसतो, आणि त्याला काही अर्थ नसतो. परदेशात कंपनी असणं हाही मुळात गुन्हा नाही. म्हणून शोधणाऱ्याला नुसती वाट पुरत नाही. ती वाट दुसऱ्या बाजूने फिरून त्याच माणसाकडे येते का, हे पाहावं लागतं.

आता त्या भावंड-प्रश्नांच्या मालिकांकडे परत येऊ. विकिडेटाच्या सार्वजनिक सेवेत ६० सेकंदांत उत्तर तयार झालं नाही तर प्रश्न खुडून टाकतात. सेवा फुकट आहे, सगळ्यांना पुरवायची आहे, त्यामुळे नियम रास्तच आहे. पण त्या माणसाचा विचार करा. त्याने कड्याचा प्रश्न विचारला, साठ सेकंदांनी ‘वेळ संपली’ अशी पाटी आली. तो एक अट काढतो. पुन्हा पाटी. आणखी एक काढतो, आणि कडं मोडून साखळी उरते तेव्हा उत्तर येतं. पुढच्या वेळी तो पहिल्यापासूनच साखळी विचारतो. शिकलेला माणूस असंच वागतो. त्यामुळे नोंदवहीत साखळ्यांची गर्दी आणि कड्यांचा तुटवडा दिसतो, त्यात लोकांना काय हवं होतं याचा भाग किती आणि यंत्राला काय झेपत होतं याचा किती, हे नुसत्या मोजदादीतून वेगळं काढता येत नाही. पूल नसलेल्या नदीवर दिवसाला किती माणसं पलीकडे जातात ते मोजून पुलाची गरज ठरवायची, तसा हा प्रकार होतो. मालिका आणि सोडून दिलेले प्रश्न यांचा अभ्यास म्हणूनच मोलाचा.

असा अभ्यास करायला नोंदवह्या खुल्या व्हायला हव्यात, आणि त्यात वेगळीच जोखीम आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीने साडेसहा लाख ग्राहकांनी विचारलेले सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी म्हणून जाहीर केले. नावं काढून क्रमांक घातले होते. तरी काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी नुसत्या शोधांवरून जॉर्जिया राज्यातल्या एका बाईंचं घर शोधून काढलं. गाव, आडनावं, दुखणी असं काय काय आपण शोधत असतो, त्यावरून माणूस ओळखू येतो. आकाराच्या अभ्यासाची जमेची बाजू ही, की त्याला नावांची गरजच नसते. ड्रेस्डेनच्या गटाने विकिडेटाचे प्रश्न खुले करण्याआधी त्यांतला मोकळा मजकूर काढला, माणसांनी रिकाम्या ठिपक्यांना दिलेली नावं बदलली, नकाशावरची स्थानं ढोबळ केली. मागे उरल्या त्या बहुतांशी ठिपके आणि रेघा. साखळी कुणाची हे कुणी सांगू शकणार नाही. एखादा अगदी विचित्र, सात पाकळ्यांचा प्रश्न असेल तर त्याचा कर्ता कदाचित ओळखूही येईल. पण ती शक्यता फार थोडी.

चक्राकार व्यापाराची एक अडचण मात्र अजून बाकी आहे. आपण तिघांचं कडं धरलं होतं. प्रत्यक्षात गोल फिरवणारे तिघेच कशाला राहतील? पाच असतील, अकरा असतील. तपास करणाऱ्याला आकडा आधी ठाऊक नसतो, त्यामुळे त्याला कडंही हवं असतं आणि फुलीही. हे दोन्ही एकत्र आलं की वाटा मोजण्याचा तो २०१२ सालचा राक्षस पुन्हा उभा राहतो, कारण एकदा गोल फिरलेलं बिल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही त्याच गोलात फिरवता येतं आणि वाट संपतच नाही. २०२४ च्या जीक्यूएल प्रमाणात यावर उपाय केला आहे. अशी अमर्याद वाट विचारायची असेल तर विचारणाऱ्याने आधी नियम सांगायचा: सर्वांत जवळची वाट तेवढीच हवी, की एकच रेघ दोनदा न वापरणारी, की एकाच ठिपक्यावर दोनदा पाय न ठेवणारी. या शेवटच्या नियमाचा एक पोटप्रकार असा आहे, की मधल्या कुठल्याही ठिपक्यावर पुन्हा यायचं नाही, पण निघालो त्या ठिपक्यावर मात्र परत येऊन थांबता येतं. बिलांच्या गोलासाठी तोच निवडावा लागतो.